न दुखणारा दात

कवळीचं माप द्यायला आलेली बाई तोंड उघडायला तयार नव्हती.

ती खुर्चीत बसली होती. रेखाने, म्हणजे आमच्या असिस्टंटने, तिच्या गळ्याभोवती बिब बांधला. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी बिबखाली गेली, ती तिने ओढून वर काढली आणि मधोमध ठेवली. मग ओठ मिटून माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या हातात मापाचा ट्रे होता. त्यात पिठासारखं मळलेलं मटेरियल असतं. ते काही मिनिटांत घट्ट होतं.

"अव्वा, तोंड उघडा."

"ब्याडा."

देगलूरमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्याला हा शब्द लवकर कळतो. कर्नाटकात माहेर असलेल्या म्हाताऱ्या बायका एरवी मराठी बोलतात, पण नको म्हणायची वेळ आली की कन्नडवर जातात.

"नको तर आलात कशाला?"

"माझं ऱ्हाऊ द्या. आधी हिला बघा."

ही म्हणजे तिची सून, महानंदा. वय चाळिशीच्या आसपास. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. डोक्यावरून घेतलेला पदर तिने हनुवटीवर मुठीत धरला होता. सासूच्या चपला काढणं, तिला खुर्चीत बसवणं, पिशवी सांभाळणं, सगळं तिने एका हाताने केलं होतं. दुसरा हात पदरावरून हलला नव्हता.

"अव्वा, गप बसा. तुमच्या दाताला आलोत आपण."

"मला कशाला दात? बोडक्या तोंडानं भाकर खाती मी." मग अव्वा माझ्याकडे वळली. "डॉक्टरीणबाई, हिला कुठं चल म्हणलं तर आता येत न्हाई. माझ्या दाताला चल म्हणलं, तर आली. तुमच्याकडं एवढा मोठा लाईट हाय, अन् तुम्ही बाईमाणूस. बघा म्हणजे झालं."

"मी दातांची डॉक्टर आहे, अव्वा."

"असा ना. बघायला काय जातंय?"

रेखा हसली. ट्रेमधलं मटेरियल घट्ट झालं होतं. ते टाकून दिलं.

महानंदाने पदर सोडला. हनुवटीच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढा लाल खड्डा होता. वर वाळलेली खपली. आजूबाजूची कातडी आत ओढल्यासारखी. खालून बोटाने हलकं दाबलं तर खपलीच्या कडेने पू आला.

"नासूर झालाय," ती म्हणाली. "बरा होतच न्हाई."

मलम लावलं होतं. गोळ्या घेतल्या होत्या. गोळ्या चालू असेपर्यंत सुकायचं, थांबल्या की पुन्हा वाहायचं. एका दवाखान्यात तो भाग कापून टाके घातले होते. टाके भरले आणि त्याच्या बाजूलाच नवं तोंड फुटलं. गावातल्या कुणीतरी बिब्ब्याचा चटका दिला होता, त्याचा काळा डाग अजून होता. यात कुणाचा हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. जखम हनुवटीवर होती, म्हणून सगळ्यांनी हनुवटी पाहिली.

मी म्हणाले, "तोंड उघडा."

"दात चांगले हायत माझे."

खरंच चांगले होते. कीड नाही, हिरड्या घट्ट. खालच्या पुढच्या दातांतला एक मात्र शेजाऱ्यांपेक्षा जरा मळकट दिसत होता. घासून न निघणारा, आतून आलेला करडेपणा. त्यावर आरशाच्या दांड्याने ठोकलं.

"दुखतं?"

"न्हाई."

कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो एकेका दाताला लावला. जिवंत दाताला याची कळ येते. शेजारच्या दातांना लावला तेव्हा महानंदाने डोळे मिटले. करड्या दाताला लावला.

"आता?"

"लावला का?"

लावला होता. दात मेलेला होता.

एक्स-रे काढला. आमच्याकडे सेन्सर तोंडात धरतात आणि चित्र लगेच कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतं. त्या दाताच्या मुळाच्या टोकाशी काळा गोल डाग होता. हाड पांढरं दिसतं, हाड झिजलेली जागा काळी. पण डाग दिसला म्हणून नासूर तिथूनच आला असं सिद्ध होत नाही. त्यासाठी एक साधी तपासणी आहे. गटापर्चा नावाची रबरासारखी बारीक काडी असते, एका झाडाच्या चिकापासून केलेली. एक्स-रेमध्ये ती पांढरी दिसते. हनुवटीवर बधिर करायचं जेल लावून ती काडी जखमेच्या तोंडातून हळूच आत सरकवली. वाट जिथे नेईल तिथे ती जाते. पुन्हा एक्स-रे काढला. पांढरी रेघ हनुवटीपासून निघून वर, थेट त्या काळ्या डागात जाऊन थांबली होती.

पडदा दोघींकडे वळवला.

"हे काय हाय?" अव्वाने विचारलं.

मी सांगितलं. दात आतून पोकळ असतो. मधोमध एक बारीक नळी मुळाच्या टोकापर्यंत जाते, तिला कॅनॉल म्हणतात. त्यात दाताची नस आणि रक्त असतं. बहुतेक वेळा कीड नसेपर्यंत पोचते, दात ठणकतो आणि माणूस आमच्याकडे येतो. महानंदाच्या दाताची नस कीड न लागताच मेली होती. मेलेली नस दुखत नाही. ती आत सडते, जंतू वाढतात, मुळाच्या टोकाशी पू साठतो. पू वाट शोधतो. बहुतेकदा त्याला हिरडीत वाट मिळते. हिच्या बाबतीत हनुवटीच्या कातडीतून मिळाली. मेलेल्या दाताच्या नळीत रक्त जात नाही, म्हणून पोटात घेतलेल्या गोळीचं औषधही तिथे पोचत नाही. गोळीने बाहेरचं सुकतं. आतलं तसंच राहतं.

महानंदाने पडद्यावरच्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"म्हंजे घाण आत, अन् मोरी हितं," ती म्हणाली. "लोकांनी मोरीलाच मलम लावलं."

रूट कॅनॉल समजावून सांगायला याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही. पुढे अनेक पेशंटना मी तेच सांगितलं.

"या दाताला कधी मार लागला होता? तुम्ही पडला होतात? लहानपणी, नंतर, कधीही?"

कीड नसताना दात मेला असेल तर हा प्रश्न विचारावाच लागतो. जोराचा धक्का बसला की मुळाच्या टोकाशी रक्ताचा पुरवठा तुटतो. दात जागच्या जागी राहतो, आणि त्याचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो.

"न्हाई," महानंदा म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

अव्वा काहीच बोलली नाही. हातातली लिंगाची डबी तिने उलटी केली, सुलटी केली. गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रूट कॅनॉलची तारीख ठरली. अव्वाला विचारलं, "आता तुमचं माप घेऊ?"

"हिचं बरं होऊ द्या. मग माझं."

पहिल्या सिटिंगला महानंदाने खुर्चीत आडवं व्हायच्या आधी एक प्रश्न विचारला.

"वाळवणाच्या आधी बरं होतंय का वो?"

"का? घाई आहे?"

"शेवयाचा पाट लागतोय आमच्या गल्लीत."

पाटावरच्या शेवया ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. एक लांब, गुळगुळीत पाट बाजेवर तिरपा टेकवतात. एक बाई वरच्या टोकाला बसते आणि घट्ट मळलेल्या पिठाचा गोळा तळहाताने पाटावर रेटत खाली नेते. पिठाची तार निघत जाते. खाली बसलेली दुसरी ती झेलते, तिसरी काठीवर वाळत घालते. तार जितकी बारीक आणि न तुटता निघेल तितकी वर बसलेली बाई हुशार. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या शेवया सगळ्या जणी मिळून करतात. आज हिच्या दारात, उद्या तिच्या. त्यांच्या गल्लीत पाटावर बसायचा मान महानंदाचा होता.

"पाटावर बसलं की मान खाली असती," ती म्हणाली. "तोंड पिठावर येतंय."

"कुणी काही बोललं?"

"कोन बोलंल? म्हणतेत, तू बस गं महानंदा, दमली असशील."

दोन उन्हाळे गल्लीने तिला दमलेली ठरवलं होतं. घरात स्वयंपाक तीच करायची, घरच्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण पाट गल्लीचा.

"बरं होईल," मी म्हणाले. कधी, ते म्हणाले नाही.

दात मेलेला असल्यामुळे इंजेक्शनची फारशी गरज नव्हती. दाताभोवती रबराची पातळ शीट ताणून बसवली, म्हणजे औषध घशात जात नाही आणि थुंकी दातात येत नाही. पुढच्या दाताला छिद्र मागच्या बाजूने करतात. समोरून काही दिसत नाही. आत नस नव्हतीच, ओला काळपट गाळ होता. सुईसारख्या बारीक फाइलने तो काढला. जंतू मारणाऱ्या औषधाने नळी पुन्हा पुन्हा धुतली. शेवटी पुढच्या वेळेपर्यंत आत राहायचं औषध भरलं. ते चुन्याच्या जातीचं असतं.

"चुना? पानात खातेत तो?" शीट काढल्यावर तिने विचारलं.

"त्याच्या भावकीतला."

"अन् हनुवटीला काय लावू?"

"काही नाही."

"मलम?"

"नाही. मोरीला काही करायचं नाही."

ती हसली. हसताना हात सवयीने पदराकडे गेला.

असा नासूर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत सुकतो. आतली घाण थांबली की बाहेरची वाट आपोआप बुजते. ठरलेल्या दिवशी महानंदा आली, तेव्हा पदर मुठीतच होता. अव्वा बाहेर बाकावर बसली. महानंदा आत आली आणि पदर सोडला. खपली ओली होती. दाबल्यावर पू आला. आधीपेक्षा कमी, पण आला.

"कालपासून पाट लागले," ती म्हणाली. "पहिला आमच्याच दारात लागला. मी आत बसून पीठ चाळलं. अव्वानं बाहेर यायचा लई आग्रह केला. न्हाई गेले."

मग म्हणाली, "हे बी तसंच निघालं, म्याडम. तुमचा दोष न्हाई."

दोष आहे की नाही ते अजून ठरायचं होतं. अशा वेळी शक्यता मोजक्या असतात. दातात आणखी एखादी नळी असेल आणि ती साफ व्हायची राहिली असेल. किंवा मुळाला तडा असेल. किंवा हे दाताचं दुखणंच नसेल, मग कातडीचा तुकडा तपासायला नांदेडला पाठवावा लागतो. तिसरी शक्यता काडीच्या एक्स-रेने जवळजवळ बाद झाली होती. दुसरीची मला काळजी वाटत होती. तडा बारीक असला तर एक्स-रेमध्ये दिसतोच असं नाही. मुळाला उभा तडा असला तर कितीही रूट कॅनॉल केलं तरी दात वाचत नाही, काढावा लागतो.

"महानंदाबाई, मागे विचारलं होतं तेच पुन्हा विचारते. मार लागला होता का? जोरात लागला असेल तर मुळाला तडा असू शकतो. मला नीट माहीत असलं तर मी तसं बघेन."

तिने दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. बाहेर अव्वा कुठल्यातरी पेशंटला तिचं गाव कुठलं, सोयरे कोण, हे विचारत होती.

"रेखाताई, दार लावता का?"

रेखाने दार लावलं.

"हापशाचा दांडा लागला होता," महानंदा म्हणाली. "लग्न होऊन पहिलंच वर्ष होतं. दारासमोरच हापसा. अव्वा हापसत होती, मी घागर उचलायला खाली वाकले. तिच्या हातातनं दांडा सुटला. खालनं वर आला तो हितं." तिने हनुवटी आणि ओठाच्या मधल्या जागेला बोट लावलं. "रक्त आलं. दात हालला होता. अव्वानं हळद भरली अन् मला महिनाभर दूध-भाकर कुस्करून चारली. सोताच्या हातानं. मग दात बसला."

"त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तिच्यासमोर?" मला एवढं कसं कळत नाही, अशा नजरेने तिने पाहिलं. "तिला कळलं की हे त्याच्यामुळं झालंय, तर ती जेवायची न्हाई. तिच्या ध्यानातच न्हाई ते. तुम्ही सांगू नका."

"नाही सांगणार."

तिने सांगितलेलं कामाचं होतं. दात हालला होता, पण पुन्हा घट्ट बसला होता. हिरडीला कुठे खोल खिसा नव्हता. प्रोब नावाच्या बारीक सळईने दाताभोवती सगळीकडून मापून पाहिलं. तडा असता तर एखाद्या ठिकाणी प्रोब एकदम खाली गेला असता. गेला नाही. राहिली पहिली शक्यता.

या वेळी नळीत फाइल ठेवून एक्स-रे समोरून न काढता तिरका काढला. खालचे पुढचे दात अरुंद दिसतात, पण समोरून मागे ते रुंद असतात. काही जणांत त्यांना एकामागे एक दोन नळ्या असतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत मागची नळी पुढचीच्या आड जाते. तिरक्या चित्रात फाइल मुळाच्या मधोमध दिसायला हवी होती. ती एका बाजूला दिसली. दुसऱ्या बाजूला जागा शिल्लक होती.

छिद्र जिभेच्या बाजूला थोडं वाढवलं. सगळ्यात बारीक फाइल घेऊन चाचपत राहिले. बराच वेळ ती टणक जागेवर अडत होती. मग एका ठिकाणी अडकली, आणि आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला काळा गाळ होता.

"मिळाली?" रेखाने विचारलं.

"मिळाली."

रबर शीटखालून महानंदाने डोळ्यांनीच काय झालं ते विचारलं. मी म्हणाले, "घाणीची दुसरी खोली होती."

दोन्ही नळ्या धुतल्या. पुन्हा औषध भरलं. या वेळी मी बरं होईल असं म्हणाले नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पुढच्या वेळी सासू-सून आल्या तेव्हा खपली गळून पडली होती. खाली गुलाबी, कोरडी कातडी. दाबलं, काही आलं नाही. दोन्ही नळ्या गटापर्चाने टोकापर्यंत भरून बंद केल्या, मागचं छिद्र सिमेंटने बुजवलं. खुर्चीवरून उठून महानंदा आरशासमोर उभी राहिली. खड्ड्याची हलकी खूण राहिली होती, ती राहणारच होती.

"असू दे," ती म्हणाली. "खळी हाय म्हणून सांगीन."

मग ती औषधाच्या दुकानात गेली आणि अव्वा खुर्चीत येऊन बसली. डबी बिबच्या वर काढली. स्वतःहून तोंड उघडलं.

"घ्या आता माप."

ट्रे तोंडात असेपर्यंत बोलता येत नाही. तेवढा वेळ ती छताकडे बघत होती. ट्रे काढला, तिने चूळ भरली, तोंड पुसलं.

"डॉक्टरीणबाई, एक इचारू? मार लागला होता का म्हणून इचारलात ना तुम्ही. समजा, हापशाचा दांडा लागला. तर होतं का वो असं? लई वर्सांनी?"

रेखाचे हात थांबले.

"कुणाला लागला होता दांडा?" मी विचारलं.

"कुणाला न्हाई. असंच इचारलं."

खोटं सांगता येत नव्हतं आणि महानंदाला दिलेला शब्द मोडता येत नव्हता. मी म्हणाले, "होऊ शकतं. दुसऱ्या कारणांनीही होतं. कधी कधी कारण कळतच नाही."

अव्वाने ते ऐकून घेतलं. बिबच्या टोकाने डबी पुसली.

"तिच्या ध्यानात न्हाई ते," ती म्हणाली. "तुम्ही बोलू नका कधी."

"नाही बोलणार."

त्या दोघी एकाच पिशवीचा एकेक बंद धरून जिना उतरल्या.

कवळी घालून द्यायच्या दिवशी महानंदा आत आली तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता. नखांत पीठ होतं. ती उभीच राहिली.

"लवकर बघा, म्याडम. शेवटचा पाट लागलाय. गल्लीतल्या कलावतीवन्सं सकाळीच दारात येऊन ओरडल्या, महानंदा, तुझ्याबिगर तार निघंना, पीठ तुटायलंय. दोन वर्सं माझ्याबिगर बरं निघायलं होतं."

हनुवटी पाहिली. बरी होती. मुळाचं हाड भरून यायला काही महिने जातात, त्यासाठी पुढचा एक्स-रे दिवाळीच्या आसपास काढू म्हटलं. अव्वाच्या तोंडात कवळी बसवली. दोन्ही जबड्यांना नीट बसली. आरसा दिला. तिने पाहिलं, तोंड वाकडं केलं, सरळ केलं, आणि कवळी काढून पिशवीत टाकली.

"अव्वा, घालून राहा. सवय लागेल."

"घरी जाऊन शेवयाची खीर खायची हाय," ती म्हणाली. "त्याला दात कशाला?"

दिवाळीच्या एक्स-रेत काळा डाग जवळजवळ भरला होता. नवे डेंटिस्ट आमच्याकडे शिकायला येतात तेव्हा ही केस मी दाखवते. पुढचा दात एका नळीचा समजू नका, एक्स-रे तिरका काढायला विसरू नका, आणि हनुवटीवरची जखम बरी होत नसेल तर तोंड उघडून बघा. एखादा विचारतो, मार कशाने लागला होता? मी सांगते, हापशाचा दांडा. कुणाच्या हातून सुटला, ते एक्स-रेत येत नाही.